श्वास कापलेली तबकडी

ते १९९८ साल होते, मित्रांनो. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात माझा जन्म झाला आणि ब्रॉन्क्स वस्तीतल्या एका घरात माझी फार वाट पाहिली जात होती. आता मी एक जुनी, ओरखडे पडलेली तबकडी आहे. माझ्यात अकरा गाणी आहेत. त्यांत ढोल आहे, झांज आहे, कर्णा आहे. पण यांतले एकही वाद्य खरे नाही. हे सगळे आवाज एका माणसाने नुसत्या तोंडाने काढले आहेत. त्याचे नाव लव्हॉन पेटवे. मी त्याची पहिली तबकडी. शेवटचीही मीच.

लव्हॉनचे वडील एझ्रा पेटवे बसच्या डेपोत मेकॅनिक होते आणि दर रविवारी चर्चमध्ये ड्रम वाजवत. चाळीस वर्षे त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. मुलाचे तोंडाने ताल धरणे त्यांना आवडत नसे. "थुंकायचं ते बाहेर जाऊन थुंक," म्हणत. म्हणून लव्हॉन जिन्यात वाजवी, लॉन्ड्रीत कपडे वाळेपर्यंत वाजवी, कोपऱ्यावरच्या दुकानापुढे वाजवी. वडिलांनी त्याला भिंतीपलीकडून ऐकले असेल, समोर बसून कधीच नाही.

"तबकडी येऊ दे," तो बहिणीला, युनिसला, सांगायचा. "डॅडींना खुर्चीत बसवून ऐकवतो. मग मला ते वाजवणारा म्हणतील." याखेरीज त्याला माझ्याकडून काहीही नको होते.

कोपऱ्यावर मात्र त्याचे खूप कौतुक होई. तिथली सगळ्यांत मोठी शाबासकी एकच होती. "अरे, हा माणूस नाही, मशीन आहे!" असे कोणी म्हटले की लव्हॉनचे पाय दोन दिवस जमिनीला लागत नसत.

माझे ध्वनिमुद्रण वीस दिवस चालले. हावी झेलनिक नावाचा गृहस्थ ते करत होता. लव्हॉन एकेक आवाज चाळीस-चाळीस वेळा काढायचा आणि हावी न कंटाळता भरून घ्यायचा. एका दुपारी हावी कानावरचे हेडफोन काढून म्हणाला, "व्हॉन, तुझा श्वास ऐकू येतो रे. दर ओळीला. म्हातारा जिना चढतोय असं वाटतं."

"मग कापून टाक."

"सगळे?"

"सगळे. मशीनसारखं वाजलं पाहिजे. पोरं वेडी होतील."

"मागाहून म्हणू नकोस, हावीने विचारलं नाही. एकदा कापले की गेले."

"काप रे! श्वासाला काय, मी नवे घेईन."

दोघेही हसले. हावीने पडद्यावर एकेक श्वास शोधून कापला. दोन हजारांच्या वर निघाले. मूळ रिळे पुन्हा वापरायची तिथे पद्धत होती. ज्या रिळांवर माझे श्वास होते, त्यांवर पुढच्याच आठवड्यात गाद्यांच्या दुकानाची जाहिरात भरली गेली.

विसाव्या दिवशी लव्हॉनच्या घशातून रक्त आले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की आतले नाजूक स्वरतंतू फाटले आहेत. बोलता येईल, पण असले आवाज आता विसरा. लव्हॉन घाबरला नाही. बसक्या आवाजात युनिसला म्हणाला, "असू दे. तबकडी तर झाली ना."

मी घरी आले तो रविवार होता. चर्चहून सगळे परतले होते. टेबलावर तळलेली कोंबडी, शिजवलेली पालेभाजी आणि मक्याचा पाव होता. युनिसने मला लावले. एझ्रा डोळे मिटून ऐकू लागले. त्यांचे बोट टेबलाच्या कडेवर हलू लागले तेव्हा लव्हॉनने खाणे थांबवले. मित्रांनो, त्या बोटाकडे तो जसा पाहत होता, तसे माझ्याकडे पुढे कोणीही पाहिले नाही.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बोट थांबले.

"ड्रमवर कोण आहे?"

"ड्रम नाहीच आहे, डॅडी," युनिस म्हणाली. "व्हॉनचं तोंड आहे."

"बाई, मला शिकवतेस?"

"मागे छापलंय, वाचा ना! एकही वाद्य वापरलेलं नाही."

"छापणाऱ्याचं काय जातं? अगं, वाजवणारा माणूस कुठेतरी दम घेतो. तालाच्या आधी छाती भरतो. मी त्याच्यावरूनच माणूस ओळखतो. इथे कोणी दमच घेत नाही. मशीन आहे हे." मग मुलाकडे पाहून ते मऊपणाने म्हणाले, "चांगलं मशीन आहे. मी तुला खोटा म्हणत नाही, व्हॉन. बटणं दाबायलाही डोकं लागतं."

लव्हॉन उठला. त्याने ओठ मिटले, छाती भरली आणि पहिला ढोल काढायला गेला. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा ठसका लागला आणि हातातल्या रुमालावर लाल ठिपका उमटला.

"राहू दे, बेटा," एझ्रा म्हणाले. "जेव. गार होतंय."

आणि त्यांनी पालेभाजीचे भांडे त्याच्याकडे सरकवले.

दुकानांतही तेच झाले. लोक मला ऐकत आणि म्हणत, ताल ठीक आहे, पण असे यंत्र तर सगळ्यांकडेच असते. माझ्या बहिणी, म्हणजे माझ्याच बाकीच्या प्रती, खोक्यांतून परत आल्या आणि कुठे गेल्या ते मला कळले नाही.

हावीचे ध्वनिमुद्रणगृह बंद पडले. आता तो बहिऱ्यांची कर्णयंत्रे दुरुस्त करतो. एझ्रा २००५ च्या हिवाळ्यात वारले. मुलगा काय होता, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. लव्हॉन त्यांच्याच डेपोत रात्रपाळी करतो. तो फार कमी बोलतो आणि मी वाजू लागले की खोलीबाहेर जातो.

मला सांभाळते ती युनिस. मित्रांनो, तुम्ही कोणाचा आवाज जपून ठेवाल, तर त्याला फार घासूनपुसून ठेवू नका. त्याचा खोकला, त्याची धाप, सगळे राहू द्या. मला हे सांगायला उशीर झाला आहे, पण तुम्हाला झाला नसेल.

दर रविवारी युनिस कानाला हेडफोन लावून मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. कुठेतरी एखादा श्वास हावीच्या नजरेतून सुटला असेल, असे तिला वाटते. मी तिला कसे सांगू? हावीचे काम फार चोख होते.