हात लावायचा नाही

हवालदार कधीच पोलिसात नव्हता. सव्वीस वर्षं तो एका बँकेच्या दारात स्टुलावर बसला, मांडीवर स्वतःची दुनळी बंदूक घेऊन. मिशा आणि बंदूक दोन्ही असलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? तो हवालदार, म्हणून त्याची बायको हवालदारीण. तिला विचारलं कुणी नव्हतं.

सव्वीस वर्षांत त्या बंदुकीतून एकही बार निघाला नाही. एकदा बँकेत चोरी झाली ती आतल्या कॅशियरनंच केली, आणि तो जाताना हवालदारानं त्याला सलाम ठोकला होता. पण घरात बंदुकीचा मान केवढा! कपाटाचा वरचा खण तिचा, मऊ फडकं तिचं, रविवारची दुपार तिची. हवालदारीण तिला सवत म्हणायची. "बाईसाहेबांना तेल लावून झालं असेल तर माझ्या गुडघ्यालाही लावा थोडं," असं तिनं एकदा म्हणून पाहिलं. तो हसला नाही. "लायसन माझ्या नावावर आहे. तू हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला. पुढे केर काढतानासुद्धा ती त्या कपाटाला वळसा घालायची.

बँकेतल्या शेवटच्या दोन वर्षांत त्याचे हात थरथरायला लागले. आधी कपातला चहा सांडला, मग शर्टाची बटणं लागेनात. बंदूक मांडीवर घट्ट धरून बसलं की थरथर दिसत नसे, त्यामुळे बँकेत कुणाच्या लक्षात आलं नाही. पण दुनळी उघडायची तर वरची कळ अंगठ्यानं जोरात बाजूला दाबून धरावी लागते, तेव्हा कुठे नळ्या खाली झुकतात. त्याचा अंगठा त्या कळीवर टिकेना. एका रविवारी त्यानं खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "इकडे ये. सांगतो तसं कर."

हवालदारणीला वाटलं, चला, तीस वर्षांनी सवतीशी ओळख झाली. कळ दाबायची, नळ्या झुकवायच्या, फडकं गुंडाळलेला गज आतून फिरवायचा, तेलाचा हात द्यायचा आणि खट्टकन मिटायची. चार महिन्यांत तिचा हात असा बसला की डोळे मिटून करील. आणि जसजसा तिचा हात बसत गेला, तसतसा नवरा तिच्याशी बोलेनासा झाला. खुर्चीत बसून तो तिच्या चुका शोधायचा. चूक सापडली नाही, की त्या दिवशी भाजीत मीठ कमी निघायचं.

मग बँकेनं दारावर कॅमेरा बसवला आणि हवालदाराला नारळ दिला. या वयात काम कोण देणार? पण दूरच्या एका शहरात, लोकांचे दागिने आणि कागदपत्रं तिजोरीत सांभाळणाऱ्या एका कंपनीला पहारेकरी हवा होता. अट एकच, बंदूक आणि लायसन स्वतःचं पाहिजे. राहायला मागे एक खोली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं म्हणून त्यांनी विमानाची दोन तिकिटंही पाठवली. या दोघांनी भाड्याची खोली सोडली, भांडीकुंडी वाटून टाकली आणि उरलेला संसार दोन बॅगांत कोंबला. म्हणजे त्या सकाळी ते विमानतळावर उभे राहिले तेव्हा बंदूक विमानात चढली तर डोक्यावर छप्पर होतं, नाही चढली तर नव्हतं. हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्याविषयी बोलत नव्हते.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सामानात काही धोक्याचं?"

"बंदूक आहे. लायसनची!" हवालदार असा गरजला की मागची रांग अर्धं पाऊल मागे सरली. त्याची मान ताठ झाली. दोन वर्षांत त्याच्यासाठी कुणी मागे सरलं नव्हतं. हवालदारणीलाही बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला.

सगळं नियमाप्रमाणे होतं. काडतुसं वेगळ्या डब्यात, बंदूक लांब पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली हवालदाराच्या गळ्यात दोऱ्याला. मुलीनं फॉर्म भरून घेतला आणि सुरक्षेच्या अधिकाऱ्याला बोलावलं. तो आला तर अगदी तरुण पोरगा. काउंटरशेजारच्या टेबलावर त्यानं लायसन नीट वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला.

"काका, पेटी उघडा आणि बंदूक रिकामी आहे एवढं मला दाखवा. आम्ही हात लावत नाही. ज्याचं लायसन, त्यानंच दाखवायचं."

किल्ली कुलपात शिरायला तीन खेपा लागल्या. हवालदारानं बंदूक उचलली, अंगठा कळीवर ठेवला. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. नळ्या टेबलावर टकटक वाजायला लागल्या. रांगेतला एकजण घड्याळ बघून म्हणाला, "आजोबा, विमान काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" दोघंतिघं हसले.

"सावकाश, काका. घाई नाही," अधिकारी म्हणाला.

हे त्यानं म्हटलं होतं. हवालदारणीला पुढे पुष्कळदा आठवलं, की त्यानं अगदी हेच शब्द म्हटले होते. पण त्या वेळी तिला फक्त नवऱ्याच्या कानामागून ओघळणारा घाम दिसत होता आणि ते हसणं ऐकू येत होतं. तिनं ठरवून काही केलं नाही. रविवारच्या सवयीनं हात गेला. डावा तळवा नळ्यांखाली, उजवा अंगठा कळीवर, आणि बंदूक खाडकन उघडली.

"हे बघा साहेब. रिकामी."

खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी थोडा अभिमानच वाटला. इतक्या लोकांना जमलं नसतं ते तिला जमलं होतं.

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. "काकू, ती खाली ठेवा. आधी खाली ठेवा." तिनं ठेवली. "लायसन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या!" हवालदार ओरडला. "हिला काय कळतंय? अडाणी बाई! मधेमधे करायची खोडच आहे हिला. तीस वर्षांत बंदुकीला बोट लावू दिलं नाही मी हिला, विचारा!"

"मग एका झटक्यात उघडली कशी त्यांनी?"

रांगेतलं हसणं थांबलं. हवालदारानं बायकोकडे पाहिलं. त्या रविवारी खिडकी लावताना त्याचे डोळे असेच झाले होते.

साहेब, यांचे हात थरथरतात. एवढंच वाक्य होतं. ते खरं होतं आणि तिच्या जिभेवर होतं. चारचौघांत अडाणी म्हटल्याचा राग तर असा आला होता की तेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकावं. पण ज्या माणसासाठी आत्ताच रांग मागे सरली होती, त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लागत नाही, हे त्याच रांगेला कसं सांगायचं? तिच्यानं बोलवेना.

"मीच चोरून उघडायचे," ती म्हणाली. "हे बाहेर गेले की. यांना काहीच माहीत नाही."

आपण त्याला वाचवलं असं तिला वाटलं. अधिकाऱ्यानं पेन टेबलावर ठेवलं.

"काकू, काय बोलून बसलात! यांचे हात थरथरतात हे मला कुलूप उघडतानाच दिसलं होतं. खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं, अर्धा तास थांबलो असतो. थरथरणं हा काही गुन्हा नाही. पण बंदूक घरात दुसऱ्याच्या हाती लागते आणि मालकाला पत्ता नसतो, हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. हे मला लिहावं लागेल."

आणि त्यानं लिहिलं. स्वच्छ, वळणदार अक्षरात.

बंदूक जमा झाली, लायसन चौकशीपर्यंत थांबवलं गेलं. विमान दोन जागा रिकाम्या ठेवून उडालं. कंपनीला फोन केला तर तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बंदूक नाही तर तुम्ही येऊन काय करणार?" चौकशी अजून चालू आहे असं म्हणतात. कोण करतंय ते कुणाला ठाऊक.

आता ते नणंदेच्या घरी, मागच्या पडवीत राहतात. नणंद वाईट नाही, पण पाहुणा आणि मासा तीन दिवसांनी नकोसा होतो, आणि यांना तर वर्ष झालं. हवालदार दिवसभर पुढच्या दारात बसतो, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "हिनं चोरून हात लावला, म्हणून माझी बंदूक गेली. कागदावर आहे." लोक हवालदारणीकडे बघतात आणि मान हलवतात. जनाची लाज राखायची तर माणसाला काहीतरी सांगावं लागतं, हे तिला समजतं. रागही येतो, पण तो गिळायची तिला सवय आहे.

परवा सकाळी पडवीत दोघंच होती. नणंद बाहेर गेलेली, दार लोटलेलं, ऐकायला चिटपाखरू नाही. हवालदारीण रोजच्यासारखी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. तो बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग हळूच, खरोखरच माहीत नसल्यासारखा, म्हणाला, "आता तरी खरं सांग. किती वर्षं चोरून उघडत होतीस?"

तिनं वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"दोन," ती म्हणाली, आणि बाहीचं बटण लावायला तिनं त्याचा हात हातात घेतला.