नाय म्हाराजा

दुसऱ्याच्या कल्याणाचा संकल्प कितीही पवित्र असला, तरी ज्याच्या देहावर तो सिद्धीस जायचा, त्याची संमती हेच त्याचे पहिले आचमन होय. १९५८ साली आचऱ्याजवळच्या एका वाडीत नेमके तेच राहून गेले होते.

देवळात गावाचा मानकरी दत्ताराम गावकर देवाला गाऱ्हाणे घालीत होता. त्याने मागायचे आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते साऱ्या गावाचे करायचे, अशी रीत. शेजारी डॉक्टर उभे होते. हत्तीरोगाच्या संशोधनासाठी त्यांना यंदाही घरोघर रक्त घ्यायचे होते.

“बा देवा म्हाराजा, ह्ये डाक्टर गावाच्या बऱ्यासाठी इले आसत. सगळ्यांचा रगात घेवन जातले. त्येंका येश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“नाय म्हाराजा.”

खांबाशी बसलेली सत्यवती बोलली होती. दत्तारामाच्या थोरल्या चुलतभावाची विधवा. गाऱ्हाण्यात नकार आजवर कोणी ऐकला नव्हता.

“वयनी, याड लागला काय गो? देवाक नाय म्हणतंस?”

“देवाक नाय, भावजी, तुमका. माझा रगात देवाच्या पायार घालूक तुमका कोणी सांगितल्यान?”

“म्हातारीच्या अंगात इला!” मागच्या पोरांतून बाबू हसला.

“अंगात नाय रे बाबू, पायात इला. ताच बघूक तर ह्ये इलेत.” माडाच्या बुंध्यासारखा सुजलेला पाय सावरीत ती उठली आणि डॉक्टरांकडे वळली. “गेल्या वर्सा पातळ वर धर म्हटलास, धरलंय. पायाचो फोटो काढलास, रगात काढलास. वखदपाण्यासाठी आसात, असा वाटला. माझो झील सावंतवाडीक गेल्लो. थंय प्रदर्शनात भिंतीर आपली आय बघल्यान, तोंडासकट! आणि रगतात काय गावला, ता आजून कोणी सांगूक नाय.”

“बाई, गावकरांनी सर्वांच्या वतीने संमती दिली होती. हे तुमच्याच हिताचे आहे.”

“हित माझा, आणि इचारलास भावजींका?”

दत्ताराम संतापला. “देवळाची पायरी बंद होयत तुका!”

“ह्या पायान ती तशीय चढवत नाय, भावजी.”

कोणी हसले नाही. बायकांतून एक दबका आवाज आला, “नाय म्हाराजा.” मागोमाग दुसरा. डॉक्टरांनी रक्ताची पेटी बंद केली.

आठवड्याने ते परत आले, ते गावकराकडे न जाता दारोदार विचारीत. सत्यवतीच्या दारापुढच्या खळ्यात त्यांनी वहाणा काढल्या, प्रदर्शनातून उतरवलेला तिचा फोटो तिच्या हाती दिला आणि विचारले, “आई, रक्त द्याल?”

“इचारलास, बरा केलास. पण माझा नाय.”

त्यांनी मान लववली. तोच सून विमला पुढे झाली. “माझा घेवा. पण काय गावला, ता माकाच येवन सांगा.”

“मीच येईन,” डॉक्टर म्हणाले, तिचे रक्त घेतले आणि पुढच्या घराकडे वळले.

सत्यवतीने फोटो चुलीत सारला. मग तुळशीपुढे पाय पसरून बसली आणि तिने हात जोडले. बाईमाणसाने गाऱ्हाणे घालायची रीत नव्हती.

“बा देवा म्हाराजा, ह्येनी दारार येवन इचारल्यानी. ह्येंच्या हातांक येश दी. व्हय म्हणतल्यांका सुखी ठेव, नाय म्हणतल्यांकाय सांभाळ.”

“व्हय म्हाराजा,” आतून विमला म्हणाली.