चेन उतरली होती

“दादा, बोला ना त्याच्याशी,” मागच्या सीटवरून मेकॅनिक म्हणाला. त्याच्या मांडीवर पंक्चर झालेलं चाक होतं आणि हात कोपरापर्यंत काळे. भर रस्त्यात कर्णधाराचं चाक बदलून तो नुकताच धापा टाकत गाडीत येऊन बसला होता.

दादांनी वायरलेसचं बटण नुसतं चाचपलं.

सहा दिवसांच्या सायकल शर्यतीचा हा शेवटचा दिवस. सगळ्या दिवसांची वेळ धरली तर त्यांचा कर्णधार पहिला होता, पण पंक्चरमुळे तो मुख्य घोळक्याच्या चाळीस सेकंद मागे पडला होता. समोरून वारा मी म्हणत होता. कुणीतरी त्याच्या पुढे राहून तो वारा अंगावर घ्यायला हवा होता. टीममध्ये तेवढा दम असलेला एकच गडी उरला होता, आणि तो नेमका सगळ्यांच्या पुढे होता. आणखी दोघांबरोबर निसटलेला, आजचा टप्पा जिंकायच्या बेतात. बारा किलोमीटर उरले होते.

त्या गड्याला सगळे पोस्टमन म्हणत. गेली बारा वर्षं तो याच गाडीच्या खिडकीशी यायचा, पाण्याच्या सात-आठ बाटल्या जर्सीत पुढेमागे कोंबायचा आणि पुढे जाऊन ज्याची त्याला पोचती करायचा. उरली तर एखादी स्वतः प्यायचा. वय सदतीस. या हंगामानंतर तो शर्यती सोडणार होता, आणि आजवर एकही शर्यत त्याने जिंकली नव्हती.

दादा तरी कोण वेगळे होते! टीमचे संचालक व्हायच्या आधी चौदा वर्षं त्यांनीही दुसऱ्यांचंच पाणी वाहिलं. अजून घरी जेवायला बसले की आधी सगळ्यांचे पेले भरतात. “अहो, शर्यत संपली. बसा आता,” असं बायको म्हणते. एकदा, फक्त एकदा, तेही असे पुढे निसटले होते. तेव्हाच्या संचालकांचा हुकूम आला, थांब. ते थांबले. शेवटच्या रेषेवर त्यांचे वडील उभे होते, जन्मात पहिल्यांदा शर्यत बघायला आलेले.

“सायकल बिघडली का रे?”

“हो बाबा. चेन उतरली.”

वडील शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, चेन उतरली म्हणून, नाहीतर पोरगा जिंकलाच होता. ती चेन याच मेकॅनिकने बसवलेली होती आणि ती कधीच उतरली नव्हती. फुकटचा आळ त्या माणसाने निमूट सोसला.

“दादा, अकरा राहिले.”

कर्णधार पुढे एकटाच वाऱ्याशी झुंजत होता, खांदे डावीउजवीकडे झुलायला लागले होते. दहाचा फलक गेला. नवाचा गेला.

“थांब,” दादा शेवटी म्हणाले. “कर्णधारासाठी थांब.”

वायरलेसवर नुसता वारा ऐकू आला. मग, “बरं, दादा.” त्याने एक सणसणीत शिवी हासडली असती तर दादांना हायसं वाटलं असतं.

कर्णधाराच्या मागून गाडी वळणावर आली तेव्हा पोस्टमन दिसला. एक पाय जमिनीवर, मान मागे वळवलेली. घोळका त्याच्या शेजारून निघून गेला होता. कर्णधार आल्याबरोबर तो पुढे झाला आणि मान खाली घालून असा काही सुटला की मेकॅनिकच्या तोंडून “अरे बापरे” निघालं.

कर्णधाराची सहा दिवसांची शर्यत चार सेकंदांनी गेली. दादांनी बारा किलोमीटर उरले असतानाच तोंड उघडलं असतं तर कर्णधार वाचला असता. उघडलंच नसतं तर पोस्टमन जिंकला असता. दया करायला गेले आणि दोघांचंही वाटोळं करून बसले.

कर्णधार बसमध्ये जाऊन दार लावून बसला. दादांच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. टीमच्या मालकांचाच असणार. पोस्टमन बसच्या सावलीत फुटपाथच्या कडेवर बसला होता, आणि त्याची नऊ वर्षांची लेक सायकलीपाशी उभी होती.

“तुम्ही तर पुढे होता ना, बाबा? मग काय झालं?”

पोस्टमनने टॉवेलने तोंड पुसलं. “चेन उतरली गं.”

शेजारी चाक पुसत बसलेल्या मेकॅनिकने मान वर केली आणि पुन्हा पुसायला घेतलं. लेकीने सायकलचं मागचं चाक एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने पेडल फिरवलं. चेन सुरळीत फिरत राहिली.

“चालतेय की!”

“चालतेच ती,” दादा पुढे होऊन म्हणाले. “चेन उतरली नव्हती, बाळा. तुझे बाबा जिंकले असते. मी थांबवलं त्यांना. आणि धड वेळेवरही थांबवलं नाही. या मेकॅनिककाकांची काही चूक नाही, तुझ्या बाबांचीही नाही.”

पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली. दादांना तिची नजर सहन होईना. त्यांनी गाडीतून गार बाटली आणली, झाकण उघडलं आणि पोस्टमनपुढे धरली.

“असू दे, दादा,” म्हणत पोस्टमनने ती घेतली. घेतली खरी, पण सवयीने इकडेतिकडे बघू लागला, कुणाला नेऊन द्यायची म्हणून.

“तुझीच आहे,” दादा म्हणाले. “पी.”