मालक प्रत्यक्ष सापडतील असा पत्ता

व्यवसाय नोंदणी कार्यालयाकडून आलेल्या पत्रात तीनच वाक्ये होती. तिन्ही निर्दोष होती, त्यामुळे त्यांच्याशी भांडण्याची सोय नव्हती. वेबसाइटवरून व्यवसाय करणाऱ्याने आपले पूर्ण नाव, फोन नंबर आणि ‘मालक प्रत्यक्ष सापडतील असा पत्ता’ तिथे ठळकपणे द्यावा. टपालपेटीचा क्रमांक ग्राह्य धरला जाणार नाही. महिन्याभरात पूर्तता न झाल्यास वेबसाइट बंद करण्यात येईल.

माझा व्यवसाय म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातले एक टेबल. सत्तावीस वर्षे प्रयोगशाळेत काढल्यावर मी आता शाळा-कॉलेजांचे जुने मायक्रोस्कोप दुरुस्त करतो. भिंगांवरची बुरशी काढतो, गंजलेले स्क्रू सोडवतो. यंत्रे कुरियरने येतात आणि कुरियरनेच जातात. कुरियरवाला ती तळमजल्यावरच्या काकूंकडे ठेवतो. सहा वर्षांत एकही गिऱ्हाईक आमच्या दाराशी आले नव्हते, आणि हा योगायोग नव्हता.

माझी बायको अतिदक्षता विभागात नर्स आहे. कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला ती झोपते आणि दुपारी चारला उठते. या सात तासांत आमच्याकडे मिक्सर लागत नाही, खुर्ची सरकत नाही, मी मोजे घालून वावरतो. तिच्या हाताखाली औषधांचे पंप असतात, ताशी किती औषध जायचे ते ठरवणारे. झोपमोड झालेल्या माणसाच्या हातून दशांशचिन्ह कसे सरकते हे मला ठाऊक आहे, कारण प्रयोगशाळेत मी ते स्वतः सरकवले आहे. तेव्हा एक द्रावण ओतून द्यावे लागले, एवढेच. तिच्याकडे ओतून देण्यासारखे काही नसते.

वेबसाइट परगावी राहणाऱ्या मुलीने करून दिलेली. तिला फोन केला.

“पत्ता टाकावाच लागेल, बाबा. मी नियम वाचलाय.”

“त्याचं चित्र करून टाकलं तर? म्हणजे पत्ते गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमना वाचता येणार नाही.”

“टाकून बघा. परत पाठवतील.”

परत पाठवले. ज्यांना दिसत नाही त्यांना चित्रातला मजकूर वाचून दाखवता येत नाही, असे कारण होते. हेही बरोबर होते. समोरचा सारखा बरोबर असणे यासारखा दुसरा ताप नाही.

शेवटी मी ‘तिसरा मजला, डावीकडील दार’ इथपर्यंतचा पत्ता अक्षरांत दिला आणि त्याखाली एक ओळ जोडली: ‘सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत कृपया बेल वाजवू नये. घरातील व्यक्ती रात्रपाळी करून झोपलेली असते.’ सूचना म्हणून ती ओळ परिपूर्ण होती. जाहिरात म्हणूनही ती परिपूर्ण होती, हे मला पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या तरुणाने समजावून सांगितले.

“साहेब, दिवसा कुठेच कुणी भेटत नाही हो. तुमच्याकडे मात्र नऊ ते चार नक्की माणूस असतं, असं लिहिलेलंच होतं.”

मी ती ओळ काढली. तोवर पत्ता कुठल्याकुठल्या याद्यांत जाऊन बसला होता. विमावाले आले, फर्निचर पॉलिशवाले आले, व्यवसाय वाढवून देणारे आले. बेलची वायर काढली, तर लोक दार ठोकू लागले. बेलचा आवाज निदान ठरावीक असतो, म्हणून वायर पुन्हा जोडली. फोन मी खिशात मुका ठेवू शकत होतो. दार खिशात मावत नव्हते.

सवयीने मी नोंदी ठेवू लागलो: तारीख, वेळ, व्यक्ती, कारण. चोवीस दिवसांत अडतीस वेळा बेल वाजली. मायक्रोस्कोपसाठी आलेला माणूस एक, आणि त्यालाही दुर्बीण दुरुस्त करून हवी होती.

एकोणचाळिसाव्या बेलनंतर बायको बाहेर आली. डोळे लाल, केस विस्कटलेले.

“अहो, काय लिहिताय?”

“नोंद करतोय. काही पद्धत आहे का ते बघतोय.”

“पद्धत आत्ता दारात उभी होती. टाय लावून.” ती पाणी प्यायली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “काल पंपावरचा आकडा मी चार वेळा वाचला. दोनदा वाचायचा असतो.”

मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंकडे गेलो. जिन्याखाली त्यांच्या दाराशेजारी कोपरा आहे, वर दिवा आहे, शेजारी प्लगही आहे.

“इथे बसून काम केलं तर चालेल का?”

“बसा की. पण लोक वॉचमन समजतील तुम्हाला.”

“तेच हवंय.”

काकूंनी खुर्ची दिली आणि टेबल मी वरून आणले. पाच दिवस प्रयोग यशस्वी झाला. येणाऱ्याला मी पहिल्या पायरीवरच अडवायचो, नाव सांगायचो आणि वाटेला लावायचो. सहाव्या दिवशी एका भिंगाच्या कडेला बुरशीचा शेवटचा धागा उरला होता. माझे दोन्ही डोळे नळीला लावलेले होते, आणि फाइल घेतलेला एक माणूस माझ्या पाठीमागून वर निघून गेला.

वरून बेल ऐकू आली, मग दार उघडल्याचा आवाज. मी तीन मजले धावलो. दारात बायको होती आणि समोर कार्यालयाचा तपासनीस.

“मालक या पत्त्यावर आहेत का, एवढंच बघायचंय,” तो म्हणाला. “वेबसाइटवर तिसरा मजला दिलाय.”

“आहेत का ते?” बायकोने विचारले.

“तुम्हीच सांगा.”

“मी झोपले होते. तुम्ही बघायला आलात ना? इथे होते?”

“हे आत्ता आले. खालून.”

“म्हणजे खाली होते. येताना त्यांना ओलांडूनच आलात तुम्ही.”

तपासनिसाने माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात अजून भिंग होते.

“बाई, जिन्याखालची जागा म्हणजे काही पत्ता नाही.”

“नियमात काय शब्द आहेत?”

त्याने फाइल उघडून वाचले. “मालक प्रत्यक्ष सापडतील असा.”

“वर सापडले?”

“नाही.”

“मग जिथे सापडतात ते लिहा. दिवसभर तिथेच असतात. काकूंना विचारा.”

तो माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त ठरलेला रकाना भरायचा होता. त्याने नियमाची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली, खाली उतरला, काकूंना विचारले, खुर्ची आणि टेबल पाहिले. मग जुना पत्ता खोडून लिहिले: तळमजला, जिन्याखाली. मला म्हणाला, “आजच्या आज वेबसाइटवरही हेच करा. आणि तिथे नसलात तर पुन्हा नोटीस येईल.”

मी मुलीला फोन करत होतो तोवर बायको खाली आली. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात आमच्या दाराची बेल, वायरसकट. तिने ती माझ्या टेबलावर ठेवली.

“ही इथे लावा. दारावरची नावाची पाटीसुद्धा.”

“आणि वर कुणी आलंच तर?”

“वर आता कुणाचं काय काम आहे?” ती म्हणाली आणि जिना चढून गेली. अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

मी बेल भिंतीवर बसवली. जागा तेवढीच असल्यामुळे ती माझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर आली. पहिली बेल बारा वाजायच्या आत वाजली आणि हातातला चिमटा भिंगावर घासला. समोर तोच फिल्टरवाला तरुण उभा होता.

“साहेब, पत्ता बदलला का?”

मी बोट ओठांवर ठेवले आणि त्याचे पत्रक घेतले. वर काहीच हालचाल नव्हती. त्याने फिल्टरची माहिती पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, कुजबुजत्या आवाजात, आणि मी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.