काचेवरचा श्वास

मी एक जुना तापमापक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, चौकटीला दोन खिळ्यांवर अडकवलेला. माझे आकडे उन्हाने विटले आहेत, पण पोटातली लाल रेघ अजून खोटे बोलत नाही.

मित्रांनो, कारखान्यातून मी थेट या रोपवाटिकेत आलो. मालकीण रोज सकाळी आतून काचेला नाक लावून विचारायची, "काय म्हातारबा, आज किती?" तेव्हा मी कोरा करकरीत होतो! रेघ चारच्या खाली दिसली, की ती धावत जाऊन रोपांवर गोणपाटे पांघरायची.

एका वर्षी वसंत भलताच लवकर तापला. सगळी रोपे उघड्या वाफ्यांत आली. त्याच सुमारास तिच्या लेकीने कुठल्याशा दूरदेशीचा 'आईचा दिवस' शाळेतून घरी आणला.

"आज तू अंथरुणातून उठायचं नाहीस!"

"अगं, म्हातारबाला तरी बघून येते."

"नाही म्हणजे नाही. तो काय पळून जातोय?"

बापलेकीने हसत दार ओढून घेतले आणि चहाच्या गडबडीत माझ्याकडे पाठ केली. इकडे त्या पहाटे थंडी पुन्हा उलटली होती आणि माझी रेघ घसरत होती. चार. दोन. शून्य. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

ऊन वर आले तेव्हा रोपे काळी पडली होती. लेक हुंदके देऊ लागली. मालकीण म्हणाली, "रडू नकोस. चहा मात्र झकास झाला होता हो." पण त्या वसंतात बाजारातली तिची जागा रिकामीच राहिली.

आता ती नाही. रोपवाटिका लेक सांभाळते. मात्र कडाका पडला, की सकाळी कोणी उठण्याआधीच काचेवर आतून श्वासाची वाफ उमटते. बरोबर मालकिणीच्या नाकाच्या उंचीवर.

यंदाही वसंत लवकर तापला. आईच्या दिवशी नातीने आपल्या आईला अंथरुणातच थोपवले आणि ती स्टुलावर चढून माझ्याकडे बघू लागली.

"आई, तू उठली होतीस का?"

"नाही गं, इथंच आहे. का?"

"मग काचेवर श्वास कोणाचा?"

आतल्या खोलीत खाट करकरली. लेक म्हणाली, "आधी सांग, किती?"

"तीन."

"गोणपाटं!"

"तू पडून राहा. मी घालते."

आणि तिने घातली, एकूण एक वाफ्यावर. परत येऊन तिने काच पुसायला बाही उचलली, अन् तशीच खाली घेतली.

मित्रांनो, आईला सुट्टी द्याल, तेव्हा तिचे कामही मागून घ्या. आणि जाता-येता माझ्याकडे एकदा बघत जा. तुम्ही बघितले नाही, तर तिला यावे लागते.