चौऱ्याऐंशी नंबरची मान

लाल ठिपका खांद्यावरून सरकत सरकत हेल्मेटखाली आला आणि गोचिडासारखा तिथेच चिकटला — पडद्यावरच्या चौऱ्याऐंशी नंबरच्या मानेवर, म्हणजे त्याच्याच मानेवर — आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या ग्रेडी हॉल्व्हर्सनने नकळत आपली मान चोळली. प्रुइट कोचने हातातला लेझर तसाच धरून सामन्याचं चित्र मागे नेलं, सोडलं, पुन्हा थांबवलं. अंधाऱ्या खोलीत अमेरिकन फुटबॉलचा अख्खा संघ बसला होता. इथली रीतच ती. ज्याची चूक, त्याने ती सगळ्यांबरोबर बसून बघायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

"इथे समोरच्याच्या छातीत हात रुतवून त्याला ढकलत न्यायचं होतं," कोच म्हणाला. "आमचे साहेब काय करतात? हात लावून ख्यालीखुशाली विचारतात आणि त्याला वाट मोकळी करून देतात."

फिसकन कोणीतरी हसलं. लायलच असणार, मेला! लायलला जेवणाच्या टेबलावर भिरकावलेला पावसुद्धा झेलता येत नाही, पण माणसं अडवण्यात त्याचा हात धरणारा संघात दुसरा नाही. म्हणून तर चेंडू एखादं यार्डच पुढे न्यायचा असला की ग्रेडीने बाहेर पळायचं, लायलने आत यायचं, वाटेत एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची — आणि हसायचंसुद्धा! ती टाळी वाजली की समोरच्या संघाला कळतं, आता हे चेंडू घेऊन घुसणार. ग्रेडी आत असला की ते एकमेकांना ओरडून सांगतात, "चौऱ्याऐंशी आलाय, फेक येणार, फेक!" टाइट एंडच्या जागी खेळणाऱ्याने अडवायचंही आणि झेलायचंही, याला अर्धंच काम येतं, हे साऱ्या देशाला ठाऊक. परवा दुकानात गल्ल्यावरची म्हातारी त्याची अंडी पिशवीत भरताना म्हणाली, "माझा नातू तुझीच जर्सी घालून झोपतो हो… पण पोरा, जरा अडवत जा की रे!" मागे रांगेत उभे असलेले सगळे हसले. तोही हसला. गाडीत बसल्यावर मात्र त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

पडद्यावरच्या या सामन्यात, गेल्या महिन्यात, कोचने मुद्दाम ग्रेडीला आत ठेवलं. समोरच्यांना वाटलं फेक, आणि चेंडू दिला तो घेऊन पळणाऱ्या किरॉनला. त्याच्यासाठी ग्रेडीला समोरचा एकच माणूस अडवायचा होता, एका श्वासापुरता. तो सुटला आणि किरॉनच्या बरगड्यांत घुसला. गवत ओलं होतं, हात घसरला — ग्रेडीने सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःलासुद्धा.

"हात नका बघू, मान बघा," कोच म्हणाला.

चित्र एकेक पाऊल पुढे सरकलं. हात अजून छातीवर आहेत, पाय रोवलेले आहेत, काही म्हणजे काही घसरलेलं नाही… आणि मान वळते. आधी मान, मग हात. पडद्यावरचा तो मूर्ख मागे बघतोय — कोणाला? चेंडूला. दहाव्या वर्षापासून चेंडू पाठीमागून, खांद्यावरून येतो. जो वळून बघतो त्याला मिळतो, आणि त्याच्याबरोबर अख्खं मैदान उठून उभं राहतं. अडवणाऱ्याला कोण बघतं? त्याची आईसुद्धा बघत नाही. वडील कागदगिरणीतले, शाळेच्या संघात जन्मभर ढकलाढकलीच केलेले, ग्रेडी तीनदा चेंडू घेऊन गोलरेषेपार गेला त्या दिवशी फोनवर म्हणाले होते, "ते ठीक आहे. अडवलंस किती जणांना?" मी त्यांना काय काय ऐकवलं होतं तेव्हा! आणि हे आता इथे, सगळ्यांसमोर, माझ्याच मानेवर बोट ठेवून…

"किरॉन म्हणतो, ग्रेडीच्या बाजूने मी पळणार नाही. बरोबर ना, किरॉन?" कोचने विचारलं.

"बरोबर," पहिल्या रांगेतून किरॉन म्हणाला. मागे वळलासुद्धा नाही.

"दुपारी तोच डाव, तीच बाजू. किरॉन, तूच पळायचंस. ग्रेडी, जमलं तर रविवारी गोलरेषेजवळ तू. नाहीतर लायल. तू बाकावर बसून कॉफी पी."

बाहेरच्या बोळात ग्रेडीने किरॉनला गाठलं. माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "कोचकडे कशाला गेलास? मला सांगता येत नव्हतं?"

"तुला? तू सांगणार गवत ओलं होतं. गवताने मोडल्या का रे माझ्या बरगड्या?"

"किरॉन —"

"मागे वळून काय बघत होतास? मी येतोय का ते? येतच होतो ना बाबा, तुझ्या भरवशावर!" किरॉनचा हात बरगडीवर गेला. "आता येईन की नाही, माझं मलाच ठाऊक नाही."

दुपारी सरावाच्या मैदानात तळ्यावरचा वारा कानाला झोंबत होता. ग्रेडीने जमिनीला हात टेकला. सकाळपासून तो एकेकाचा राग राग करत आला होता — कोचचा, लायलच्या हसण्याचा, त्या म्हातारीचा, बापाचा — आणि आता समोर एझिकेल, आपल्याच संघातला, दात विचकत उभा. मानेची गोष्ट जेवणाच्या वेळीच सगळीकडे झाली होती.

"आलास का झेल्या? बघ, मागे बघ! चेंडू आला बघ!"

तो धडकला. दोन्ही हात एझिकेलच्या छातीत रुतले. एझिकेल भिंतीसारखा जड, तोंडाने मात्र चालूच — "बघ ना, बघ की!" — आणि मान… मान वळायला टपलेलीच होती, पाणी दिसल्यावर गुरं ओढ घेतात तशी. मागे पावलं वाजतायत का? वाजतायत. इकडे येतायत की तिकडे? ग्रेडीने दात आवळले. एझिकेल एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि त्याची बडबड बंद पडली.

शिटी वाजली. मागे कोणीतरी ओरडलं — आनंदाने की दुखून, कळलं नाही. बाजूच्या रेषेकडून जड पावलं धावत येत होती. लायलचीच असतील — जागा घ्यायला की टाळी द्यायला?

"अरे, शिटी झाली! सोड की आता!" एझिकेल म्हणाला.

किरॉन या बाजूने आलाच नसेल तर? ऐन वेळी दुसरीकडे वळला असेल, आणि मी इथे रिकाम्या वाटेसाठी एवढा माणूस रेटून धरलाय? नुसती मान वळवली की कळेल. एवढंच तर करायचं. पण वळून बघायची त्याला प्रथमच भीती वाटली, खरीखुरी, आणि एझिकेलच्या घामेजल्या जर्सीत बोटं आणखी रुतवून, समोरच बघत, तो ढकलत राहिला.