गाडीची हशर

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमध्ये हशर कशाची होते? घराच्या भिंतींची होते, पाटातल्या गाळाची होते, लग्नघरी नवा तंदूर बांधायचा असला तर त्याचीही होते. शेजाऱ्याचं बोलावणं आलं की हातातलं टाकून जायचं, फुकट राबायचं, यजमानाचा पलाव खायचा आणि घरी यायचं. पण गाडी पुसायला हशर, आणि तीही बाईने बोलावलेली? शेजारच्या सनोबरने हे ऐकलं तेव्हा तिला चहाचा ठसकाच लागला.

"आपा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"इतक्या वर्षांत आत्ता कुठे ठिकाणावर आलंय," मुकद्दस म्हणाली. "रविवारी ये. घरात जुनी रजई असेल तर उसवून कापूस आण."

झालं होतं ते असं. मुकद्दसचा नवरा एर्गश जाऊन वर्ष झालं, वर्षाचं जेवण झालं, तिने सुतकाचे निळे कपडे उतरवले. आणि त्याच जेवणात तिच्या धाकट्या दिराने, हकीमजानने, तोंडातला घास गिळायच्या आधी जाहीर केलं की दादाची वोल्गा गाडी तो रविवारी घेऊन जाणार. म्हणे पिवळी पडलीय, रंग पार मेलाय, सगळी घासून पांढरी रंगवून घेतो आणि माझ्या पोराला देतो. वहिनीला काय करायचीय गाडी, तिला कुठे चालवता येते? विचारलं नाही हो, सांगितलं. पंगतीतल्या बाप्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा ताटात हात घातले. मुकद्दसच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती तेव्हा काही बोलली नाही, कारण पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं. पण गाडी द्यायची नाही हे तिने तिथेच, चहा ओतता ओतता ठरवलं.

आता कुणी म्हणेल, नवऱ्याची आठवण म्हणून हट्ट असेल. कसली आठवण आणि कसलं काय. एर्गश माणूस वाईट नव्हता, पण गाडीच्या बाबतीत त्याचं डोकं फिरलेलं असायचं. दर नवरोजला तो गाडीवर मेण चढवायचा. जुनं कधी काढलं नाही, जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. बायकोने हात लावायचा नाही, बोटं उमटतात. पुढची जागा रिकामी असली तरी तिने मागे बसायचं. एकदा पोटुशी असताना तिला भोवळ आली आणि तिने बॉनेटला धरलं. एर्गश धावत आला, आधी बॉनेट पुसलं आणि मग विचारलं, काय गं, बरं वाटत नाही का? हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल कोण बोलतं? पण ती विसरली मात्र नव्हती.

रविवारी बायका आल्या. कुणी हौसेने, कुणी मजा बघायला, पण आल्या. हशरीला नाही म्हणत नाहीत. कढईशी नुरमतबाबा बसले, कारण मोहल्ल्यात कुणाचीही हशर असो, पलाव त्यांच्याच हातचा. गाडी द्राक्षांच्या मांडवाखाली सावलीत लोटली आणि चूल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मांडली, कारण मुकद्दसने चटकन पेट घेणारं टर्पेंटाइन आणलं होतं.

बाजारातल्या रंगवाल्याला तिने सगळं नीट विचारून घेतलं होतं. आधी भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्याने गाडी धुतली. मग कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवायचा, ताटाएवढी जागा घ्यायची, पुसायची, आणि बोळा मळला की फेकून नवा घ्यायचा. मळका बोळा फिरवला तर काढलेलं मेण पुन्हा तिथेच बसतं. पुसून झालं की वर पाणी शिंपडायचं. पाण्याचे मणी झाले तर मेण अजून आहे. पाणी सपाट पसरलं तर गेलं. पहिल्या तासाला नुसते मणीच मणी. पिवळट तपकिरी बोळ्यांचा ढीग वाढत चालला आणि बायकांच्या जिभाही सुटल्या. एकजण म्हणाली, माझ्या नवऱ्याला असं पुसून काढलं तर खाली काही सापडेल का कुणास ठाऊक.

सनोबर मात्र मुकद्दसच्या शेजारी सरकली. "आपा," ती हळूच म्हणाली, "एर्गशभाईंच्या हातचं आहे हे सगळं. काढताना वाईट नाही वाटत?"

"खरं सांगू? बरं वाटतंय."

दुपारपर्यंत पुढचा भाग आणि छत उघडं पडलं आणि बायकांचे चेहरे उतरले. मेण गेलं तशी चमकही गेली. गाडी राखेसारखी निस्तेज दिसायला लागली, वर बारीक चरे. होती ती बरी होती, असं कुणीतरी पुटपुटलं. रंगवाल्याने मुकद्दसला सांगितलं होतं की आधी अशीच दिसेल, घाबरू नका. पण ऐकणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. तिने नव्या पॉलिशची डबी उघडली, बॉनेटच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर लावलं आणि दात आवळून घासत राहिली. मनगट भरून आलं तेव्हा खालून पिकल्या आलुबुखाराचा काळपट लाल रंग वर आला. तिने तो सगळ्यांना दाखवला.

"मेला म्हणे रंग," ती म्हणाली. "चला, बाकीचं काढा."

आणि नेमका तेव्हाच हकीमजान आला. बरोबर जीपवाला, जीपवाल्याच्या खांद्यावर बंद गाडी ओढून न्यायचा दोर. अंगणातला बायकांचा गराडा बघून त्याला हसूच आलं. त्याच्यामागोमाग गल्लीतले चार बाप्येही फाटकाशी येऊन उभे राहिले. नुरमतबाबांनी सवयीने ताट भरून पुढे केलं. पलाव वाफाळलेला, वर लसणाचा अख्खा गड्डा. आता मर्गिलानचा माणूस पुढे आलेल्या पलावाला नाही म्हणेल का? हकीमजान बसला, पोटभर जेवला, बायकांची दोन-चार शब्दांत टिंगलही केली. ताट खाली ठेवलं तसं बाबांनी त्याच्या हातात कापूस दिला.

"खाल्लास ना हशरीचा? मग लाग कामाला."

हकीमजानने फाटकाकडे बघितलं. सगळे बघत होते. हशरीचा पलाव खाऊन काम न करणाऱ्याचं नाव चहाच्या टपरीवर वर्षभर निघतं, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. चार हात मारू आणि निघू, असा त्याने विचार केला. मागचा एक दरवाजा घेतला आणि पुसायला लागला. मेण निघत गेलं तसा तो वाकून वाकून बघायला लागला, वरून पाणीही शिंपडून बघितलं. काम त्याला जमत होतं, उगाच नाही म्हणू नये. दरवाजा कंबरेपर्यंत झाला तसे त्याने हात पुसले आणि हात पुढे केला.

"चला वहिनी, किल्ल्या द्या."

"कशाच्या किल्ल्या?"

"कशाच्या म्हणजे? गाडीच्या. गाडी आमच्या घरातली आहे."

"मग आत्ता तुम्ही काय केलंत, भाऊजी?" मुकद्दस त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "स्वतःच्या भिंती बांधायला कुणी हशरीला जातं का? हशर दुसऱ्याच्या वस्तूची करतात. तुम्ही माझा पलाव खाल्लात आणि माझ्या गाडीचं काम केलंत. सगळ्या मोहल्ल्याने बघितलंय."

हकीमजानने बाबांकडे बघितलं. बाबा कढईची खरवड काढत होते. "खाल्लास तर खरा," ते म्हणाले. "दोनदा वाढून घेतलास." जीपवाल्याने दोर खांद्यावरून उतरवला आणि गुंडाळायला घेतला.

"दादाने या गाडीला बाईमाणसाचा हात लागू दिला नसता," हकीमजान म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"नव्हताच देत. म्हणून तर आधी त्याचं मेण काढलं. आता माझं चढेल."

"आणि चालवणार कोण?"

"मी. येत नाही, शिकेन. शिकेपर्यंत उभी राहील, पण माझ्या दारात उभी राहील."

फाटकाशी कुणीतरी खोकलं. हकीमजानने हातातला बोळा जमिनीवर टाकला आणि वळला. मुकद्दसने तो उचलून ढिगात फेकला, रजईतून नवा कापूस ओढला, टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला आणि त्याच्यापुढे धरला.

"खालची अर्धी बाजू राहिलीय, भाऊजी. अर्धं काम टाकून हशरीतून कुणी उठत नाही."

त्याने फाटकाकडे बघितलं, बाप्ये अजून तिथेच उभे होते. बायकांचे हात थांबले होते. मग त्याने कापूस घेतला, दरवाजापाशी उकिडवा बसला आणि खालची बाजू पुसायला लागला.